अवकाशयुगाचे रंग

चित्राचा विषय मंगळ असेल तर ते अमूर्त कसे, आणि ते अमूर्त असेल तर त्याला मंगळाचे नाव कशासाठी? खगोलीय प्रतिमांपासून स्फूर्ती घेणाऱ्या चित्रांविषयी ही शंका वारंवार उपस्थित केली जाते. अमेरिकन चित्रकर्त्री ॲल्मा थॉमस (१८९१–१९७८) यांच्या चित्रांच्या आधारे तिचा विचार करणे उद्‌बोधक ठरेल.

जॉर्जिया राज्यातील एका कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेल्या थॉमस यांनी वॉशिंग्टनमधील शाळेत ३५ वर्षे चित्रकला शिकविली. १९६० मध्ये निवृत्त झाल्यानंतरच त्यांना चित्रनिर्मितीला सर्व वेळ देता आला. माणूस चंद्रावर उतरला तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. अवकाश त्यांच्यापर्यंत पोहोचले ते घरबसल्या, दूरचित्रवाणी आणि वृत्तपत्रे यांच्या द्वारे.

मे १९६९ मधील अपोलो १० मोहिमेच्या चांद्रयानाला ‘स्नूपी’ हे व्यंगचित्रमालेतील कुत्र्याचे नाव दिले होते. या स्नूपीच्या नजरेने पाहिलेली पृथ्वी थॉमस यांनी एका चित्रमालेत रंगविली. त्यांतील ‘सूर्यास्तात गुंडाळलेली पृथ्वी’ या १९७० मधील चित्रात उष्ण रंगांच्या लहान तुकड्यांनी भरलेला एक गोल आहे. त्यात खंड नाहीत, सागर नाहीत. अंतर वाढले की तपशील गळून पडतो आणि रंग तेवढा उरतो. हा अनुभव विमानप्रवाशालाही येतो; अवकाशयानाने तो पराकोटीला नेला. म्हणजे येथील अमूर्तता चित्रकर्त्रीने विषयावर लादलेली नाही. ती त्या अंतरातच होती.

१९७२ मधील ‘तारांकित रात्र आणि अंतराळवीर’ या चित्रात निळ्या तुकड्यांचे उभे पट्टे जवळजवळ सारा पट व्यापतात. वरच्या कोपऱ्यात तांबड्या-पिवळ्याचा लहानसा पुंजका आहे. शीर्षक नसते तर त्याला अंतराळवीर कोणी म्हटले असते, असा आक्षेप घेता येईल, आणि तो अगदीच निराधार नाही.

‘मंगळावरील धूळ’ हे त्याच वर्षीचे चित्र मात्र शीर्षकावर इतके विसंबून नाही. नोव्हेंबर १९७१ मध्ये मरिनर ९ हे यान मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा सारा ग्रह धुळीच्या वादळाने झाकला गेला होता आणि छायाचित्रांत पृष्ठभागाचा तपशील जवळजवळ दिसत नव्हता. थॉमस यांनी तांबड्या तुकड्यांनी पट भरला. फटींतून खालचा गडद थर डोकावतो. १९७२ च्या प्रारंभी वादळ शमले आणि प्रचंड ज्वालामुखी व दऱ्या यांची छायाचित्रे येऊ लागली. त्यांच्या पटावर मात्र धूळ तशीच आहे.