वजनमाप निरीक्षकाकडून नियमभंग झाला तर दुकानदाराने काय करावे?

वजनमाप निरीक्षक बाजारात आल्याची खबर लागली की कडावपासून नेरळ, कर्जत, चौक, खोपोलीपर्यंत लहान दुकानदारांची धांदल उडते. कोणी काट्यावर फडके टाकतो, कोणी गल्ल्यातून नोटा काढून तयार ठेवतो, कोणी शटर अर्धे खाली ओढतो. ज्याचा काटा अगदी बरोबर आहे, तोही घाबरतो. याचे कारण असे की, निरीक्षकाचे अधिकार काय हे आपण ऐकलेले असते. परंतु त्याच्यावर बंधने काय आहेत, हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते. कापड, किराणा, मटण, कोंबडी, मासळी, भंगार, सोनारकाम, कोणताही धंदा असो, ही माहिती प्रत्येकाला असायला हवी.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. हा लेख माप मारणाऱ्यासाठी नाही. मापात कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात सूरह अल-मुतफ्फिफीन ही स्वतंत्र सूरह आहे आणि हजरत शुऐब यांच्या कौमचा किस्सा आपल्या घरात लहान मुलांनाही माहीत असतो. आपला काटा खोटा असेल, तर निरीक्षकाच्या चुकीकडे बोट दाखवण्याचा हक्क आपल्याला उरत नाही. पण काटा खरा असूनही ज्याला नाडले जाते, त्याने मुकाट्याने सहन करावे असे कोणताही कायदा सांगत नाही. पूर्वीच्या इस्लामी राज्यांत बाजारावर देखरेख ठेवणारा मुहतसिब नावाचा अधिकारी असे. अकराव्या शतकातील फकीह अल-मावर्दी यांनी राज्यकारभारावरील आपल्या ग्रंथात त्याच्या कर्तव्यांबरोबर त्याच्या मर्यादाही सांगितल्या आहेत. उघड दिसणाऱ्या गैरप्रकाराला त्याने आळा घालावा, लपलेले शोधत हेरगिरी करू नये, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे तपासणाऱ्यालाही मर्यादा असते, ही गोष्ट नवीन नाही.

कायदा कोणता?

सध्या लागू असलेला कायदा म्हणजे वैधमापन अधिनियम २००९. तो १ एप्रिल २०११ पासून अमलात आला. त्याआधी १९७६ आणि १९८५ चे वजनमाप कायदे होते. महाराष्ट्रात हे खाते अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभागाखाली येते. तालुक्यात किंवा विभागात निरीक्षक, जिल्ह्याला सहायक नियंत्रक, त्यावर कोकण विभागाचे उपनियंत्रक आणि सर्वांत वर मुंबईत नियंत्रक, अशी ही उतरंड आहे. तक्रार कोणाकडे न्यायची हे समजण्यासाठी ती लक्षात ठेवावी.

इलेक्ट्रॉनिक काटा दर बारा महिन्यांनी, तर वजने, लांबीची मापे, साधा तराजू आणि काउंटर मशीन दर चोवीस महिन्यांनी पास करून घ्यावे लागते. आम्हा कापडवाल्यांची मीटरपट्टी चोवीस महिन्यांच्या यादीत येते. तिचा छाप दरवर्षी घ्यायलाच हवा असे कोणी सांगितले, तर नियम दाखवायला सांगावे. पास केल्यावर छाप मारला जातो. त्यात निरीक्षकाची खूण, वर्ष आणि तिमाहीचे ए, बी, सी किंवा डी हे अक्षर असते. सोबत पडताळणीचे प्रमाणपत्र आणि शुल्काची पावती मिळते. प्रमाणपत्र दुकानात सहज दिसेल अशा जागी लावावे.

माणसे तीन, अधिकार वेगवेगळे

आपल्याकडे मोठा घोटाळा येथेच होतो. काटा दुरुस्त करणारा कारागीर परवानाधारक असतो, परंतु तो सरकारी अधिकारी नव्हे. त्याला दुरुस्तीचे पैसे घेता येतात. छाप मारण्याचा किंवा दंड घेण्याचा अधिकार त्याला नाही. दुसरा निरीक्षक, पडताळणी, तपासणी आणि जप्ती हे काम त्याचे. तिसरे म्हणजे सरकारमान्य चाचणी केंद्र. कायद्याच्या कलम २४ मध्ये त्याची तरतूद आहे, २०१३ साली त्याचे नियम झाले आणि काही ठराविक प्रकारच्या काट्या-मापांची पडताळणी तेथे होऊ शकते. या केंद्रालाही मोकळे रान नाही. केंद्राने नियम मोडले किंवा त्याच्या मालकाने अथवा नोकराने जाणूनबुजून चुकीचा छाप मारला, तर कलम ३७ खाली तो गुन्हा आहे.

पैसे देण्यापूर्वी समोरचा माणूस या तिघांपैकी कोण आहे, हे विचारावे. ओळखपत्र मागण्यात उद्धटपणा नाही. "साहेब, जरा ओळखपत्र दाखवता का?" असे अदबीने विचारले, तर खरा अधिकारी रागावत नाही.

नियमभंगाचे चार प्रकार

पहिला प्रकार: न तपासता छाप मारणे. कॅम्पमध्ये रांग मोठी असते, घाई असते, आणि काट्यावर एकही वजन न ठेवता छाप पडतो. दुकानदार खूश होतो की काम लवकर झाले. वास्तविक हा उपकार नसून धोका आहे. काटा आतून बिघडलेला असेल, तर हा छाप तो सुधारत नाही. उद्या दुसऱ्या अधिकाऱ्याने तपासला किंवा गिऱ्हाईकाने तक्रार केली, तर जबाब दुकानदारालाच द्यावा लागतो. पेट्रोल पंपाच्या यंत्रांना खात्याचे सील लागते. तरीही २०१७ साली ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने पंपांवर छापे घातले तेव्हा यंत्रांत चिप बसवून माप मारले जात असल्याचे उघड झाले. नुसत्या सीलवर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे यावरून दिसते. जाणूनबुजून नियमाविरुद्ध छाप मारणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ च्या कायद्याने कलम ४३ मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. म्हणून आपणच म्हणावे, "साहेब, वजन ठेवून बघा."

दुसरा प्रकार: पावतीशिवाय किंवा ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेणे. शुल्काचे दर नियमांच्या परिशिष्टात छापलेले असतात. मुदत उलटली असेल तर जादा शुल्क लागते, पण तेही पावतीवर यायला हवे. पावतीवर एक रक्कम आणि हातात दुसरी रक्कम, हे शुल्क नव्हे.

तिसरा प्रकार: कारण नसताना झडती किंवा जप्ती. कलम १५ प्रमाणे निरीक्षकाला तपासणी व जप्तीचा अधिकार आहे, परंतु गुन्हा झाला आहे असे मानण्यास काही कारण असले पाहिजे. झडती व जप्ती फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याप्रमाणे, म्हणजे स्थानिक पंचांसमक्ष आणि जप्त वस्तूंची यादी करून व्हायला हवी. यादीची प्रत मिळणे हा दुकानदाराचा हक्क आहे. सबळ कारण नाही हे माहीत असूनही झडती घेणाऱ्या किंवा माल, काटा उचलणाऱ्या अधिकाऱ्यासाठी कलम ४२ आहे. मूळ कायद्यात त्याची शिक्षाही कलम ४३ एवढीच आहे.

चौथा प्रकार: एकाच दुरुस्तीवाल्याकडे किंवा एकाच काटाविक्रेत्याकडे जाण्याची सक्ती. परवाना असलेल्या कोणत्याही कारागिराकडून काटा दुरुस्त करून घेता येतो. "अमक्याकडून आणा, तरच पास करतो" असे सांगणे नियमात बसत नाही.

काटा खरेच नापास आहे का?

प्रत्येक काट्याला कायद्याने थोडी सूट दिलेली आहे. किराणा दुकानात असतो तो ३० किलोचा काटा घ्या. त्याच्या पाटीवर 'ई' या अक्षरापुढे ५ ग्रॅम लिहिलेले असते. पडताळणीच्या वेळी अडीच किलोपर्यंत अडीच ग्रॅम, त्यापुढे दहा किलोपर्यंत पाच ग्रॅम आणि त्यावर साडेसात ग्रॅम इतका फरक चालतो. दुकानात वापरात असताना तपासणी झाली तर ही सूट दुप्पट होते. म्हणजे २० किलोच्या वजनाला १० ग्रॅमचा फरक दाखवून वापरातला काटा खोटा ठरवता येत नाही. मात्र ही सूट यंत्राच्या स्वभावासाठी आहे, गिऱ्हाईकाला कमी देण्यासाठी नाही. निरीक्षकाची स्वतःची वजनेही ठराविक मुदतीत प्रयोगशाळेतून तपासून आणावी लागतात. वाद झाल्यास त्या वजनांचे प्रमाणपत्र पाहण्याची विनंती करावी.

सही करण्यापूर्वी वाचा

चूक सापडली की पुष्कळदा दंड भरून जागच्या जागी केस मिटवण्याचा पर्याय पुढे येतो. कायद्यात त्याची सोय आहे. परंतु अशी सही म्हणजे त्या गुन्ह्याची नोंद झाली. तीन वर्षांच्या आत तसाच गुन्हा पुन्हा झाला, तर तो असा मिटवता येत नाही. म्हणून चूक खरी असेल तर दंड भरून पावती घ्यावी. चूक नसेल तर सही करू नये आणि कागदावर "मला हे मान्य नाही" असे लिहावे. हुज्जत घालू नये, आवाज चढवू नये, काटा हिसकावू नये. सरकारी कामात अडथळा आणल्याची दुसरी केस आपल्यावरच पडते.

तक्रार कोठे व कशी?

निरीक्षकाच्या आदेशाविरुद्ध कलम ५० खाली साठ दिवसांत नियंत्रकांकडे अपील करता येते. उशिराचे योग्य कारण असेल तर आणखी साठ दिवसांपर्यंत मुभा मिळू शकते. वागणुकीबद्दलची तक्रार सहायक नियंत्रकांकडे करावी आणि तिची प्रत उपनियंत्रक व नियंत्रकांना पाठवावी. त्यावर महाराष्ट्र नागरी सेवा शिस्त व अपील नियम १९७९ प्रमाणे खातेनिहाय चौकशी होऊ शकते.

तक्रारीत तारीख, वेळ, दुकानाचा पत्ता, अधिकाऱ्याचे नाव किंवा छापातील खूण, मागितलेली रक्कम आणि हजर असलेल्या दोन माणसांची नावे लिहावी. शिवीगाळ नको, ऐकीव गोष्ट नको. स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. शुल्क सरकारात भरले गेले की नाही याची शंका असेल, तर दहा रुपयांत माहितीच्या अधिकाराचा अर्ज करता येतो. तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे.

लाच मागितली गेली तर ती बाब लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची. त्यांचा नि:शुल्क क्रमांक १०६४ आहे. पैसे देण्याआधीच कळवावे, म्हणजे त्यांना सापळा लावता येतो. लक्षात ठेवा, २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. सक्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत कळवणाऱ्यालाच संरक्षण आहे.

कलम ४२ आणि ४३ मध्ये अधिकाऱ्याची नीयत सिद्ध करावी लागते. प्रामाणिकपणे झालेली चूक त्यात बसत नाही. शिवाय कायद्यात वेळोवेळी दुरुस्त्या होतात. म्हणून कोर्टात जाण्यापूर्वी चालू मजकूर वकिलाकडून पाहून घ्यावा.

एकट्या दुकानदाराचा आवाज लहान असतो. बाजारपेठेतील व्यापाऱ्यांनी, मग ते कोणत्याही समाजाचे असोत, मिळून शुल्काचे दरपत्रक दर्शनी भागात लावावे, एक प्रमाणित वजन सर्वांसाठी ठेवावे आणि कॅम्पच्या दिवशी दोन जबाबदार माणसे हजर ठेवावी. प्रत्येकाने एका फाइलीत प्रमाणपत्र, शुल्काच्या पावत्या आणि दुरुस्तीची बिले ठेवून ती गल्ल्याजवळ ठेवावी. पुढच्या पडताळणीची तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर आजच लिहून टाकावी.