हप्ता तोच, कर्ज मात्र वाढत गेलं : घराचं फ्लोटिंग कर्ज आणि दुकानाचा गल्ला



स्टॉक, उधारी, मार्जिन यावर आपण नेहमी बोलतो. आजचा विषय घरातला आहे, पण त्याची झळ थेट गल्ल्याला बसते. गेल्या महिन्यात बॅचमध्ये एका दादांनी विचारलं, "मॅडम, दुकान तर नीट चालतंय, मग महिनाअखेरीला पैसे कमी का पडतात?" त्यांची वही बघितली. घराचा हप्ता दुकानाच्या खात्यातून जात होता. तो कधी वाढला, किती वाढला, अजून किती वर्षं भरायचाय, यातलं काहीच त्यांना सांगता येईना. बॅचमधले दोघं-तिघं हसले. मला हसू आलं नाही, कारण मी स्वतः तिथूनच गेलेय.

माझ्या घराची गोष्ट

सांगलीत माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउज पीस, अस्तर, फॉल, परकर, लेस, असा सगळा बारीकसारीक माल. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत नोकरीला. नोव्हेंबर २०२१ मध्ये आम्ही विश्रामबागला फ्लॅट घेतला. कर्ज २२ लाख, मुदत २० वर्षं, व्याज ६.९० टक्के. हप्ता बसला १६,९२५ रुपये. एवढ्या कमी व्याजाचं घरकर्ज आमच्या घरात कुणीच घेतलं नव्हतं. आम्ही खूश होतो.

कागदावर "फ्लोटिंग" लिहिलेलं होतं. मी बीबीए केलंय, शब्दाचा अर्थ मला माहीत होता. पण अर्थ माहीत असणं वेगळं आणि दर तीन महिन्यांनी बघणं वेगळं. मी एक सोपी सवय लावून घेतली : पाच तारखेच्या आधी दुकानाच्या गल्ल्यातून १७,००० रुपये त्या खात्यात टाकायचे आणि विसरून जायचं.

५ एप्रिल २०२३ ला मोबाइलवर मेसेज आला, हप्ता परत गेला. मला वाटलं बँकेची चूक असणार. मी तर १७,००० भरले होते! शाखेत गेले तेव्हा कळलं, हप्ता आता १८,०६६ रुपये झालाय. वर हप्ता परत गेल्याचा दंड वेगळा.

"मॅडम, मेसेज पाठवले होते," साहेब म्हणाले. पाठवले असतीलही. लग्नसराईत दिवसाला शंभर मेसेज येतात, त्यातला हा कुठला बघणार? पण खरा धक्का पुढे होता. मी कर्जाचा उतारा मागितला. सोळा हप्ते भरले होते, म्हणजे २,७०,८०० रुपये. मुद्दल किती कमी झालं? ५१ हजार आणि वर थोडे.

नेमकं काय घडलं होतं?

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना घराचं नवीन फ्लोटिंग कर्ज बाहेरच्या एखाद्या दराला जोडावं लागतं. बहुतेक बँकांनी त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर घेतला. त्यावर बँक आपला वरचा टक्का, म्हणजे स्प्रेड, लावते. माझं कर्ज सुरू झालं तेव्हा रेपो ४ टक्के होता आणि माझा स्प्रेड २.९० टक्के. दोन्ही मिळून ६.९०.

मग महागाई वाढली आणि मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने सहा वेळा रेपो वाढवला. ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर. माझं व्याज त्यामागोमाग ९.४० टक्के झालं.

आता इथे गंमत बघा. दर वाढला की बँकेकडे दोन रस्ते असतात. एक म्हणजे हप्ता वाढवायचा. दुसरा म्हणजे हप्ता तोच ठेवून महिने वाढवायचे. माझ्या बाबतीत आधी दुसरा रस्ता धरला गेला, म्हणून मला काही जाणवलंच नाही. उताऱ्यावर मात्र हे असं होतं :

- जून २०२२ : सात हप्ते भरून झाले. खरं तर २३३ राहायला हवे होते. दर ७.३० झाला आणि शिल्लक हप्ते झाले २५०.
- सप्टेंबर २०२२ : दर ८.३०, शिल्लक हप्ते ३१०.
- डिसेंबर २०२२ : दर ८.८०, शिल्लक हप्ते ३६९.

म्हणजे २४० हप्त्यांचं कर्ज, वर्षभर नेमाने भरलं, आणि राहिले ३६९!

मार्च २०२३ मध्ये दर ९.४० झाला तेव्हा शिल्लक २१ लाख ४९ हजारांच्या आसपास होती. त्यावर एका महिन्याचं व्याज १६,८३२ रुपये. माझा हप्ता १६,९२५. वजाबाकी करा. ९३ रुपये! महिन्याला सतरा हजार भरून मुद्दलात जाणार होते ९३ रुपये. आमच्याकडे एवढ्यात बरा अस्तराचा तुकडा येत नाही. या वेगाने कर्ज फिटायला पंचावन्न वर्षं लागली असती. महिने वाढवायला जागाच उरली नाही, म्हणून बँकेने एकूण मुदत तीस वर्षांत बसवून हप्ता वाढवला.

घरी अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे सांगितलं. ते म्हणाले, "अगं, गिऱ्हाइकाच्या उधारीची वही रोज बघतेस, आणि आपल्या उधारीची वही कधी उघडली नाहीस होय?" मला उत्तर देता आलं नाही.

घाईत केलेली चूक

आता ज्या चुकीसाठी हा लेख लिहितेय, ती सांगते.

उतारा बघून मी घाबरले. साहेबांनी स्क्रीनवर दाखवलं की एक लाख रुपये मुद्दलात भरले आणि हप्ता १८,०६६ च ठेवला, तर ३४४ महिन्यांचे २८१ होतात. ६३ महिने कमी! पाच वर्षांपेक्षा जास्त! हिशोब बरोबर होता. फ्लोटिंग दराच्या घरकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतीआधी पैसे भरण्याचा दंडही लागत नाही. मी त्याच आठवड्यात एक लाख भरून मोकळी झाले.

पण ते एक लाख कुठले होते? सीझनच्या मालाचे.

२२ एप्रिलला अक्षय्य तृतीया होती. त्या आधी-नंतरचे काही आठवडे म्हणजे आमच्या धंद्यातली सुगी. माझ्याकडे रंगच अपुरे पडले. बायका साडी घेऊन यायच्या, पीस लावून बघायच्या, "या शेडमध्ये नाही का?" विचारायच्या आणि पलीकडच्या दुकानात जायच्या. फॉल आणि अस्तर पण तिकडूनच घ्यायच्या. इचलकरंजीच्या व्यापाऱ्याकडून नंतर उधारीवर माल उचलला, तर रोखीची सूट गेली.

सीझन संपल्यावर शांतपणे बसून हिशोब मांडला. तोच आता बॅचमध्ये फळ्यावर लिहिते :

एक लाख मुद्दलात भरले की वर्षाला व्याज वाचतं साधारण ९,४०० रुपये. हेच पैसे तीन महिने उशिरा भरले असते तर नुकसान किती? साधारण २,३५० रुपये.

आणि एक लाखाचा माल सीझनमध्ये भरला असता तर? माझ्या दुकानात त्याचे एक लाख तीस हजार होतात. म्हणजे ३०,००० हातात.

२,३५० वाचवायला मी ३०,००० सोडले. ६३ महिन्यांचा आकडा खोटा नव्हता. पण तो फायदा जुलैमध्येही जवळपास तेवढाच मिळाला असता, आणि सीझन काही जुलैमध्ये येणार नव्हता. कर्जाला घाई नव्हती, घाई मला झाली होती.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना सांगते : आधी माल, मग मुद्दल. फिरत्या भांडवलातून कर्ज फेडू नका. माल विकला, व्यापाऱ्याचं देणं दिलं, पुढच्या खरेदीचे पैसे बाजूला काढले, आणि मग जो नफा उरला त्यातून भरा. मात्र नफा उरल्यावर नक्की भरा. तो नवीन मोबाइलमध्ये घालवलात तर माझं नाव सांगू नका!

आम्ही पुढे काय केलं

पहिलं काम, दुकान आणि घर वेगळं केलं. मी दुकानातून स्वतःला महिन्याला ठरलेला पगार घेते. हप्ता त्या पगारातून आणि मिस्टरांच्या पगारातून जातो, गल्ल्यातून नाही. त्यामुळे हप्ता वाढला तर चटका घरखर्चाला बसतो आणि लगेच कळतो. गल्ल्यातून गेला की तो मालात मुरतो आणि वर्षभर कळत नाही.

दुसरं, बँकेला विचारलं की २०४१ मध्येच कर्ज संपवायचं असेल तर हप्ता किती? मार्चच्या शिलकेवर उत्तर होतं २०,३८१ रुपये. १८,०६६ भरले तर तीस वर्षं. दोन्हीत एकूण भरायच्या रकमेचा फरक, दर तोच राहिला असं धरलं तर, सोळा लाखांच्या वर. मिस्टरांची पगारवाढ झाल्यावर आम्ही हप्ता वीस हजारांच्या वर करून घेतला. जड गेलं. त्या वर्षी गाडी बदलायची होती, ती नाही बदलली.

तुमच्या कर्जाचं काय?

१८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं. दर बदलला तर हप्ता किंवा मुदत किती बदलणार हे कर्ज देणाऱ्याने ग्राहकाला कळवलं पाहिजे. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, ही निवड ग्राहकाला दिली पाहिजे. मुदत वाढवताना हप्त्यातून व्याजही सुटत नाही अशी वेळ येऊ द्यायची नाही. दर तिमाहीला उतारा द्यायचा, त्यात मुद्दल किती गेलं, व्याज किती गेलं, हप्ता किती, शिल्लक हप्ते किती आणि दर किती हे असलंच पाहिजे. तुमचा हक्क आहे, मागा.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, दर उतरला तरी हप्ता उतरवू नका. २०२५ मध्ये रेपो चार वेळा कमी होऊन ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. तुमचा दर उतरला का, हे आधी तपासा. उतरला असेल आणि जुना हप्ता झेपत असेल तर तोच चालू ठेवा. चढत्या दराने जे महिने वाढवले, ते उतरत्या दरात परत मिळवायची हीच वेळ असते.

दोन, तुमचा स्प्रेड विचारा. नवीन ग्राहकाला बँक बऱ्याचदा कमी स्प्रेडने कर्ज देते आणि जुना ग्राहक जुन्यावरच भरत राहतो. अर्ज करून, थोडी फी भरून दर कमी करून मिळतो का, ते शाखेत विचारा. कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर ते रेपोला जोडलेलं असेलच असं नाही. कशाला जोडलंय ते लेखी मागा.

तीन, हप्ता झेपतच नसेल तर परत जाण्याआधी बँकेत जा. अशा वेळी मुदत वाढवून घेण्यात कमीपणा नाही. आजारपण, मंदी, लेकरांची फी, सगळ्यांच्याच घरी असतं. पण क्रेडिट कार्ड, भिशी किंवा महागडं पर्सनल लोन घेऊन घराचा हप्ता भरू नका. परत गेलेला हप्ता सिबिलमध्ये दिसतो, आणि उद्या दुकानासाठी सीसी लिमिट मागायला जाल तेव्हा समोर येतो. मुदत वाढवलीत तर ती पुन्हा कधी कमी करायची, तो महिनाही वहीत लिहून ठेवा.

आजचा गृहपाठ

उधारीच्या वहीचं शेवटचं पान उघडा. चार रकाने पाडा : तारीख, दर, हप्ता, शिल्लक महिने. बँकेच्या ॲपवरून किंवा शाखेतून आजचे आकडे घेऊन पहिली ओळ भरा. मग दर तीन महिन्यांनी एक ओळ. पाच मिनिटांचं काम आहे. शिल्लक महिने तीन महिन्यांत तीनने कमी झाले नसतील तर त्याच दिवशी बँकेत जाऊन कारण विचारा.

माझ्या वहीतलं ते पान आता अण्णा भरतात. दर तिमाहीला चष्मा लावून बसतात आणि विचारतात, "सूनबाई, यंदा किती राहिले?"

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर मालाकडे लक्ष असू द्या, आणि आपल्या उधारीकडेही!