जसे पाणी, तसे मासे

ज्या लातूर शहराला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी पोचविण्याची तजवीज सरकारास करावी लागली, तेथील रहिवाशाला माशांसाठी पाण्याची निवड करा असे सांगणे म्हणजे त्याची थट्टाच होय. निवड करावयाचीच तर ती माशांची करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठवाड्याच्या काळ्या पाषाणातून उपसलेले बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या काठावर पांढरे पुट चढते. परंतु गृहिणी ज्याला नावे ठेवते, तेच पाणी गप्पी, मॉली, प्लॅटी या माशांच्या प्रकृतीस उत्तम मानवते; डासांच्या बंदोबस्तासाठी आरोग्य खाते हौदांत गप्पीच सोडते, हे काही उगीच नव्हे. याउलट ॲमेझॉनच्या मृदू, किंचित आम्ल पाण्यातले निऑन टेट्रा किंवा डिस्कस केवळ रंगावर भाळून आणले, तर ते झुरतात. आणि त्यांच्यासाठी आर. ओ. यंत्राचे निव्वळ पाणी भरणेही हितावह नाही, कारण क्षार निघून गेलेल्या पाण्याची आम्लता स्थिर राहत नाही.

नांदेडला विष्णुपुरीच्या जलाशयातून गोदावरीचे पाणी नळाला येते. त्यातील क्लोरीन माणसाला उपकारक, पण माशाचे कल्ले जाळणारे. म्हणून ते उघड्या भांड्यात दिवसभर ठेवावे किंवा दुकानी मिळणारे अँटिक्लोरीन बेताने घालावे. बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, तेव्हा तेही हवेचा पंप लावून मुरू द्यावे.

खरी कसोटी उन्हाळ्यात. टाकीतील पाणी वाफ होऊन उडते, क्षार मात्र मागेच राहतात. घटलेल्या पाण्यावर नुसती भर घालणारा मनुष्य आठवड्यागणिक क्षारच साठवीत असतो, आणि काचेवरची पांढरी रेघ त्याची साक्ष देते. शिवाय माशांच्या उत्सर्गातला अमोनिया अल्कधर्मी व तप्त पाण्यात अधिक विषारी ठरतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात दोन्ही गोष्टी एकदमच जुळून येतात. तेव्हा मासे मोजकेच ठेवावेत, खाद्य चिमटीनेच टाकावे आणि दर आठवड्यास चतुर्थांश पाणी काढून मगच नवे घालावे. काढलेले पाणी मोरीत न ओतता कुंड्यांना द्यावे. त्यातील नायट्रेट झाडांना खतच होय.