घोडा, खरारा आणि आपली मुले

शाळा सुरू झाल्या की आपल्या घरांतून मुलांच्या वर्षभराच्या कार्यक्रमांची जुळवाजुळव सुरू होते. पोहणे, पियानो, कथ्थक, बुद्धिबळ आणि रविवारची मराठी शाळा. या यादीत घोडेस्वारी सहसा नसते. ही श्रीमंतांची हौस, शिवाय पडण्याची भीती, आणि ‘पुढे उपयोग काय?’ हा प्रश्न, या तीन कारणांनी ती मागे पडते. मंडळातील आम्ही चार कुटुंबे गेली तीन वर्षे आपल्या मुलांना अश्वपालनाच्या क्लबमध्ये पाठवत आहोत. इतर पालक त्याबद्दल वारंवार विचारतात, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट म्हणजे, हा घोडेस्वारीचा क्लास नव्हे. क्लासला खोगीर चढवलेला घोडा तयार मिळतो, मूल तासभर रपेट करते आणि घरी येते. क्लबमध्ये घोड्याची निगा आधी आणि स्वारी नंतर.

अमेरिकेत असे दोन मोठे मार्ग आहेत. एक पोनी क्लब. तो ब्रिटनमध्ये १९२९ साली सुरू झाला आणि अमेरिकेत १९५४ साली आला. यातील ‘पोनी’ हा शब्द घोड्याच्या उंचीचा नसून मुलांच्या वयाचा आहे. येथे इंग्लिश पद्धतीची स्वारी शिकवतात आणि डी-१ पासून ए पर्यंत प्रावीण्याच्या पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीला स्वारीबरोबर निगेचीही परीक्षा होते. दुसरा मार्ग फोर-एच. डोके, हृदय, हात आणि आरोग्य यांची ही चार इंग्रजी अक्षरे. त्याची सुरुवात १९०२ साली ओहायोत झाली. राज्याच्या कृषी विद्यापीठाचे काउंटीतील विस्तार कार्यालय हे काम पाहते. साधारण ८ ते १८ वर्षांची मुले त्यात असतात आणि वेस्टर्न पद्धतीची स्वारीही शिकता येते.

‘पण आमच्याकडे घोडा कुठे आहे?’ हा प्रश्न सर्वांचाच असतो. शिवाजी महाराजांच्या घोडदळात शिलेदार स्वतःचा घोडा आणीत आणि बारगिरांना तो सरकारी पागेतून मिळे. आपली मुले बारगीर होऊ शकतात. पोनी क्लबच्या रायडिंग सेंटरांमध्ये तेथील घोडे वापरता येतात. काही ठिकाणी घोडा भाड्याने घेता येतो. फोर-एचमध्ये अनेक काउंट्यांत घोड्याशिवायही नाव घालता येते. अशी मुले घोड्याचे शरीर, आहार आणि आजार यांचा अभ्यास करून प्रश्नमंजूषेत भाग घेतात. स्वतःचा घोडा घेण्याची मात्र घाई करू नये. विकत घेण्यापेक्षा त्याचे महिन्याचे राहणे, खाणे, नालबंद आणि डॉक्टर हाच खरा खर्च असतो.

मुले शिकतात काय? साधारण हजार पौंडांच्या घोड्याला दिवसाला १५ ते २० पौंड गवत आणि ५ ते १० गॅलन पाणी लागते. नालबंदाला दर सहा ते आठ आठवड्यांनी बोलवावे लागते. स्वारीपूर्वी आणि नंतर चारही खूर उचलून आतली माती आणि खडे काढायचे. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून साधी वाटणारी पोटदुखीही त्याच्या जिवावर बेतू शकते. त्याने खाणे सोडले, तो वळून पोटाकडे पाहू लागला किंवा पुन्हा पुन्हा लोळू लागला, तर ताबडतोब मोठ्यांना सांगायचे. लाल मेपलची सुकलेली पाने त्याला विषारी असतात, आणि आपल्या ओळखीची कण्हेरही. बागेतला कचरा कुणाच्या कुरणात टाकू नये, हे आपण मोठ्यांनीही लक्षात ठेवावे.

आता अवघड भाग. ठाण झाडणे आणि लीद काढणे ही कामे मुलांनाच करावी लागतात. आपल्याकडे घोड्यावर बसणारा एक आणि लीद काढणारा मोतद्दार दुसरा, अशी वर्षानुवर्षांची वाटणी. आमच्यातल्या एका घरी पुण्याहून आलेल्या आजींनी स्पष्टच विचारले, ‘एवढे शिकून अमेरिकेत आलात ते पोरीला लीद काढायला लावायला?’ आजोबा मात्र नातीबरोबर तबेल्यात गेले आणि खरारा, तंग, रिकीब, आयाळ, चंदी हे शब्द तिला शिकवून आले. खोगीरभरती म्हणजे मुळात काय, हे तिला आता ठाऊक आहे.

दुसरी अवघड गोष्ट पालकांसाठी आहे. पोनी क्लबच्या सांघिक स्पर्धेत, म्हणजे रॅलीत, आई-वडिलांना घोड्यांच्या बराकीत मदतीला जाता येत नाही. घोडा तयार करणे, सामान लावणे, पाणी भरणे हे सर्व मुलेच करतात आणि त्याला गुण असतात. गटातील एक मूल स्वारी न करता फक्त व्यवस्था पाहते, तेही गटाचा पूर्ण घटक असते. आपण मुलांच्या बुटांच्या नाड्यासुद्धा बांधणारे लोक. दिवसभर कुंपणाबाहेर उभे राहणे आम्हाला जड गेले. मुलांना ते जड गेले नाही.

भीतीबद्दल: धोका आहे, तो नाकारू नये. एएसटीएम/एसईआय मान्यतेचे हेल्मेट दर वेळी, पट्टा बांधूनच. सायकलचे चालत नाही. टाचेचे बूट हवेत, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. दोरी हाताला गुंडाळायची नाही. घोड्याच्या अगदी मागे उभे राहायचे नाही, कारण तेथले त्याला दिसत नाही. नाव घालण्यापूर्वी एकदा जाऊन बघावे. शिक्षक मुलांकडून हे नियम पाळून घेतात का आणि घोडे धष्टपुष्ट, शांत आहेत का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

राहिला ‘उपयोगा’चा प्रश्न. कॉलेजच्या अर्जात एक ओळ वाढावी एवढ्यासाठी कोणी जाऊ नये. गणिताची परीक्षा असली तरी मुक्या जनावराला त्या दिवशीही पाणी लागते. हिवाळ्यात बादलीतला बर्फ फोडावाच लागतो. आपल्याला जमत नसेल तर दुसऱ्याला आधी सांगून ठेवावे लागते. आमच्या मुलांतली दोन पुढे स्वारी सोडतील असे दिसते, पण सांगून ठेवण्याची ही सवय त्यांना लागली आहे. आम्हाला तेवढे पुरे आहे.

फोर-एचचे वर्ष बऱ्याच राज्यांत ऑक्टोबरमध्ये सुरू होते. आपल्या काउंटीच्या विस्तार कार्यालयात आत्ताच चौकशी करावी. वसंतात जाग आली तर ते वरातीमागून घोडे ठरेल.