चित्रशाळा आणि विद्यापीठ

मुंबई शहरांत इ. स. १८५७ या एकाच वर्षीं दोन शिक्षणसंस्था जन्मास आल्या. मार्च महिन्यांत सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगींतून चित्रकलेचा वर्ग उघडला. जुलै महिन्यांत मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेचा कायदा झाला. एकाच गांवांत चार महिन्यांच्या अंतरानें जन्मलेल्या या दोघांची सोयरीक जुळावयास मात्र १९८१ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं सर ज. जी. कलाशाळा विद्यापीठास जोडली गेली आणि चित्रकार किंवा शिल्पकार होऊं पाहणाऱ्या विद्यार्थ्यास पदवी मिळूं लागली. मधल्या एकशें चोवीस वर्षांत कायदा घोकणारास पदवी होती (प्रस्तुत लेखकासही ती बव्हंशीं घोकूनच मिळाली), वैद्यास होती. डोळ्यांनीं पाहून हातानें काढणारास मात्र पदविकेवर समाधान मानावें लागे.

कोणी म्हणेल कीं, एका कागदासाठीं एवढा ऊहापोह कशास? रझा आणि गायतोंडे हे याच शाळेचे पदविकाधारक. पदवीवांचून त्यांचें काय अडलें? प्रश्न रास्त आहे. अलौकिक बुद्धीच्या माणसाचें कशानेंच अडत नाहीं. अडतें तें त्याच्या मागून येणाऱ्या शेंकडों सामान्य विद्यार्थ्यांचें. गांवोगांवच्या शाळांतून जो ड्रॉइंग मास्तर म्हणून जन्म काढतो, ज्याचा तास परीक्षा जवळ आली कीं गणिताचे शिक्षक हक्कानें मागून घेतात, त्याच्या प्रतिष्ठेचा हा प्रश्न आहे. आणि जो समाज त्याचा तास काढून घेतो, त्या समाजाच्या समजुतीचाही आहे. ती समजूत अशी कीं, डोक्याचें काम तेवढें शिक्षण, हाताचें काम ती मजुरी.

ही समजूत सर्वस्वी परकीयांनीं आणली असें म्हणून आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं. लेखणी आणि छिन्नी यांच्यामध्यें आमच्या जातिव्यवस्थेनें आधींच भिंत घातली होती. परकीय सरकारनें ती आपल्या सोयीसाठीं पक्की केली, इतकेंच. त्यांस येथील कारागिरीचे नमुने हवे होते, सरकारी इमारतींसाठीं नक्षीकाम व नकाशे काढणारे हात हवे होते. अजिंठ्याचेंच पाहा. १८७२ ते १८८५ या काळांत ग्रिफिथ यांच्या देखरेखीखालीं कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनीं त्या लेण्यांत जाऊन भित्तिचित्रांच्या नकला केल्या. नकला लंडनला गेल्या, त्यांतील पुष्कळ तेथील आगींत जळाल्या. पुढें निघालेला मोठा ग्रंथ ग्रिफिथ यांच्या नांवें प्रसिद्ध झाला. अंधाऱ्या गुहेंत वर्षानुवर्षें डोळे शिणविणाऱ्या त्या तरुणांचीं नांवें आज कितीजणांस सांगतां येतील? तरीही आपल्या देशाची चित्रकला काय योग्यतेची होती हें ज्यांनीं रेघेरेघेनें ओळखलें, ते हेच विद्यार्थी होत.

चित्रशाळेस विद्यापीठांत बरोबरीचें आसन प्रथम दिलें तें बडोद्यानें. सयाजीराव महाराजांनीं १८९० सालीं तेथें कलाभवन काढलें होतेंच. १९४९ सालीं त्यांच्या नांवचें विद्यापीठ झालें आणि पुढच्याच वर्षीं, हंसाबेन मेहता कुलगुरु असतां, ललितकलांची स्वतंत्र विद्याशाखा निघाली. बेंद्रे, शंखो चौधरी, सुब्रह्मण्यन् यांच्यासारखे शिक्षक तेथें लाभले. ते स्वतः काम करणारे कलावंत होते, आणि विद्यार्थी त्यांचें काम चालू असतांना पाहत असत. बडोद्याच्या यशाचें मर्म आमच्या मतें पदवीपेक्षां या पाहण्यांतच अधिक आहे.

आतां चित्रशाळेंत शिकतात तरी काय, हें पालकांस बहुधा ठाऊक नसतें. साधें उदाहरण घेऊं. नव्या विद्यार्थ्यापुढें एक मातीचें मडकें ठेवून तें काढावयास सांगतात. मडक्याचें तोंड गोल आहे हें त्यास माहीत असतें, म्हणून तो गोल काढतो. बूड जमिनीवर सपाट टेंकलें आहे हेंही माहीत असतें, म्हणून खालीं सरळ रेघ ओढतो. दोन्ही चूक. डोळ्याच्या पातळीखालीं ठेवलेल्या मडक्याचें तोंड लंबगोल दिसतें, आणि बुडाची कड पातळीपासून अधिक खालीं असल्यामुळें तिची वांक तोंडाच्या लंबगोलाहून अधिक भरते. शिक्षक येतो, चूक सांगत नाहीं, फक्त ‘पुन्हां पाहा’ म्हणतो. विद्यार्थी खोडतो, पुन्हां काढतो. चार-सहा कागद फुकट गेल्यावर त्यास कळतें कीं, आपण मडकें पाहतच नव्हतों. मडक्याविषयींची आपली समजूत कागदावर उतरवीत होतों. जें ठाऊक आहे असें वाटतें तें बाजूस ठेवून जें समोर आहे तें पाहणें, हा धडा आम्हांस कायद्याच्या महाविद्यालयांत कोणीं दिला नाहीं. साक्षीपुरावा तपासतांना तो पुढें ठेंचा खाऊन शिकावा लागला.

पुढें रंग येतात. राखाडी रंगाची चिंधी तांबड्या कापडावर ठेवली तर हिरवट दिसते व हिरव्यावर ठेवली तर तांबूस. म्हणजे रंग एकटा नसतो, शेजाऱ्यावर अवलंबून असतो. मग मनुष्याकृतीचा अभ्यास, माती, ठसे, अक्षरें. आणि सर्वांत कठीण म्हणजे महिन्याचें काम भिंतीवर टांगून सहाध्यायांसमक्ष त्याची चिकित्सा ऐकणें. तेथें पाठांतर उपयोगी पडत नाहीं, कीं उसनें उत्तर. हें शिक्षण मंद आहे, महाग आहे, आणि एका शिक्षकास शंभर विद्यार्थी दिले कीं तें मरतें. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, चित्रशाळा विद्यापीठांत असावी. पण ती आपल्या रीतीनें असावी. चित्रास गणिताच्या उत्तरपत्रिकेसारखे गुण वांटण्याची घाई, कायम शिक्षकांच्या जागीं तासावर आणलेली माणसें, आणि कार्यशाळेचे तास कापून भरलेलीं व्याख्यानें, एवढें झालें म्हणजे पदवी उरेल व विद्या जाईल.

व्यापारी बंधू म्हणतील, याच्याशीं आमचा काय संबंध? आमच्याकडे एकदां एक सद्गृहस्थ आले. त्यांच्या मालाच्या वेष्टणाची एका प्रतिस्पर्ध्यानें नक्कल केली होती व त्यांस दावा लावावयाचा होता. वेष्टण कोणीं तयार केलें असें विचारतां उत्तर मिळालें कीं, छापखान्यांतल्या मुलानें बाजारांतलीं दोन वेष्टणें पुढें ठेवून त्यांतून तिसरें जुळविलें. जें मुळांत आपलें नाहीं त्याच्या चोरीची फिर्याद कशी करणार? व्यापारचिन्हाचा कायदा वेगळेपणाचें रक्षण करितो. वेगळेपणच नसेल तर वकील तो कोठून आणणार? २००० सालच्या डिझाइन कायद्यानें वस्तूच्या नव्या घाटास नोंदणीनंतर दहा वर्षें, व मुदत वाढविल्यास आणखी पांच वर्षें, संरक्षण मिळतें. अट एवढीच कीं घाट नवा हवा, आणि अर्ज करण्यापूर्वीं तो बाजारांत मांडलेला नसावा. त्या गृहस्थांनीं छापखान्यांत वांचविलेली रक्कम आमच्या सल्ल्याच्या फीपेक्षांही कमी होती, हें सांगावयास आम्हांस संकोच वाटतो.

व्यापाऱ्याच्या प्रत्येक पावतीवर आज रुपयाचें जें चिन्ह छापलें जातें, तें खुल्या स्पर्धेंतून निवडलें जाऊन जुलै २०१० मध्यें सरकारनें स्वीकारलें. त्याचे कर्ते डी. उदयकुमार हे पवईच्या आय. आय. टी.मधील डिझाइन विभागांत पीएच्. डी.चा अभ्यास करीत होते. संगणकावर मराठी लिहितांना वर्षानुवर्षें ज्या ‘मंगल’ टंकाशीं गांठ पडली, तो कलाशाळेंत शिकलेल्या व पवईस शिकविणाऱ्या र. कृ. जोशी यांनीं घडविला. आणि मागें जावयाचें तर १८८५ च्या सुमारास कलाशाळेंत दाखल झालेले दोन तरुण पाहा. एकास रंगांधळेपणामुळें चित्रकला सोडावी लागली, पण यांत्रिक रेखन त्यानें सोडलें नाहीं. लोखंडी नांगर काढून पुढें १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविणारे लक्ष्मणराव ते हेच. दुसरा तेथून बडोद्याच्या कलाभवनांत गेला, आणि १९१३ सालीं त्यानें ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. चित्रकला शिकून पोट भरत नाहीं असें म्हणणारांनीं या दोन नांवांचा विचार करावा.

अर्थात् प्रत्येक विद्यार्थी लक्ष्मणराव किंवा फाळके होत नाहीं. कित्येकांस पुष्कळ वर्षें ओढाताण सोसावी लागते, आणि हें पालकांपासून लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु कायद्याची पदवी घेतलेल्या सर्वांच्या अंगावर तरी काळा कोट कोठें चढतो? म्हणून कायद्याचीं महाविद्यालयें बंद करा असें कोणी म्हणत नाहीं. आमच्याकडे एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांस मुलें मोठ्या हौसेनें बसतात. त्यामुळें शालांत परीक्षेंत वाढीव गुण मिळतात. ते पदरांत पडले कीं रंगपेटी माळ्यावर जाते. त्यांतल्या ज्या मुलाचा किंवा मुलीचा हात खरोखर चालतो, तिची पेटी माळ्यावरून खालीं काढावी एवढीच आमची विनंति आहे.

२०२३ सालीं केंद्र सरकारनें सर ज. जी. कलाशाळेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा दिला. अभ्यासक्रम स्वतः ठरविण्याची मुभा ही मोठीच गोष्ट, आणि तिचें आम्ही मनापासून स्वागत करितों. पण या दर्जास माजी विद्यार्थ्यांपैकीं अनेकांनीं विरोध केला होता, राज्याचेंच स्वतंत्र विद्यापीठ करा असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यामागची शंका पोकळ नव्हती. कागद, रंग, कॅनव्हास यांचा खर्च आधींच पालकांस जड जातो. त्यावर शुल्क वाढलें तर लहान गांवांतून येणारा विद्यार्थी दाराबाहेरच राहील. सरकारनें शिक्षकांच्या जागा कायमच्या भराव्या, आणि शुल्काचा व शिष्यवृत्त्यांचा हिशेब दरवर्षीं लोकांपुढें मांडावा. तोंवर आमच्या व्यापारी वाचकांस एक सुचवितों. कलाशाळेचें वार्षिक प्रदर्शन भरतें तेव्हां एक दुपार मोकळी ठेवावी. बोरीबंदरासमोर रस्ता ओलांडला कीं दोन-चार मिनिटांत फाटक लागतें.