बिबट्या पालीचे घर आणि जेवण

उन्हाळ्यातल्या संध्याकाळी विष्णुपुरीत ट्यूबलाइट लागली, की तिच्याभोवती किडे जमतात आणि किड्यांमागोमाग भिंतीवर पाली येतात. ही पाल आपल्या इतक्या ओळखीची, की कोणी हौसेने पाल पाळते हे ऐकून मुलांना हसू येते. पण लेपर्ड गेको, म्हणजे अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेली पाल, जगभर पाळली जाते. तिला काय लागते आणि ते का लागते, हे पाहू.

पाळली जाणारी जात मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान या भागांतल्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. तिची भावंडे महाराष्ट्रातही आहेत. त्यांपैकी सातपुड्यातल्या जातीचे वर्णन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. घरातल्या पालीच्या बोटांखाली असते तशी चिकटणारी गादी या पालीला नसते, म्हणून ती काचेवर चढू शकत नाही. तिला हलणाऱ्या पापण्या असतात. जाड शेपटीत ती चरबी साठवते. विष मात्र तिला मुळीच नसते.

आता तिचे घर. पाल स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करीत नाही. ऊब हवी तर उबेकडे जाते, नको तर दूर जाते. म्हणून पेटीचे एक टोक सुमारे ३० ते ३२ अंश सेल्सिअस आणि दुसरे २५ अंशांच्या आसपास ठेवतात. ऊब कमी पडली, तर खाल्लेले नीट पचत नाही. दोन्ही टोकांना लपायला जागा हवी, कारण ती दिवसा दडून बसते. एक जागा ओलसर ठेवतात, म्हणजे कात सहज निघते. तळाला वाळूऐवजी कागद बरा, कारण भक्ष्याबरोबर वाळू पोटात जाऊन आतडे तुंबू शकते. दोन नर एकत्र ठेवले, तर भांडतात.

थंड देशांतल्या पुस्तकांत पेटी तापवायची कशी, हे सांगितलेले असते. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. तेव्हा आपल्यापुढचा प्रश्न उलटा असतो. पत्र्याखालच्या खोलीत पेटीचे थंड टोकही तापते आणि पालीला पळायला जागाच उरत नाही.

जेवण म्हणजे जिवंत किडे: रातकिडे, झुरळे, अळ्या. पिलांना रोज, तर मोठ्या पालीला आठवड्यातून दोनतीनदा देतात. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. कापसाच्या किंवा सोयाबीनच्या शेतातले किडे देऊ नयेत. त्यांच्या अंगावर फवारणीचे औषध असू शकते. किड्याला हाडे नसतात, त्याचे कवच कायटिनचे असते. त्यामुळे त्यात कॅल्शियम कमी मिळते. म्हणून किड्यांना कॅल्शियमची पूड लावतात. ती न दिल्यास हाडे मऊ होऊन वाकतात. मुडदूस शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. वाटीत पाणी नेहमी असावे. पालीच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून पेटी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

मग शाळेत अशी पाल पाळावी का? ती पंधरावीस वर्षे जगू शकते. दहावीची मुले शाळा सोडून जातील, सुट्ट्या येतील, वीज जाईल. रानातली पाल तर पकडून आणूच नये. आम्ही सुचवतो तो प्रयोग पालीशिवायचा आहे. रिकाम्या खोक्याच्या एका टोकाला ओले पोते पसरा, दोन्ही टोकांना तापमापी ठेवा आणि दर दोन तासांनी नोंद करा. दुपारी तीन वाजता दोन टोकांत किती अंशांचा फरक उरला? पाल त्या वेळी कुठे बसली असती? संध्याकाळी ट्यूबलाइटखालची पाल तासाभरात किती किडे पकडते, तेही मोजा. भिंतीवरच्या या पालीला घर आणि जेवण आपण द्यावे लागत नाही. तिला झाडूने हाकलले नाही, तरी पुरे.