जुना कंठ, नवी गीते

डहाणू रोडहून तलासरीकडे जाणाऱ्या वाटेवरील वारली पाड्यांत सुगीच्या दिवसांत तारप्याचा नाच रंगतो. वाळलेला भोपळा व बांबूच्या नळ्या यांपासून केलेले हे वाद्य. फेरात माणसे येतात, जातात. परंतु तारप्याचा स्वर पालटला की साऱ्यांचे पाऊल पालटते. पाश्चात्त्य धर्तीच्या रॉक वाद्यवृंदात हे स्थान बहुधा गायकाच्या कंठाला असते.

मुंबईत 1984 साली ‘रॉक मशीन’ हा वृंद स्थापन झाला. परदेशी गीतांची नक्कल करण्याची रीत असता या मंडळींनी स्वतःची गीते रचली. 1988 सालच्या त्यांच्या पहिल्या आल्बमपासून उदय बेनेगल यांचा आवाज व महेश टिनईकर यांची गिटार ही वृंदाची ओळख ठरली. पुढे त्याने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. 1997 साली वृंद मोडला व बेनेगल न्यूयॉर्कला गेले. 2010 साली हे दोघे व झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बेस गिटार व ड्रम मात्र नव्या वादकांकडे गेले. 2012 साली ‘इव्हॉल्व्ह’ हा आल्बम निघाला. आधीचा आल्बम 1995 सालचा. म्हणजे मध्ये सतरा वर्षे लोटली होती.

पाचांपैकी दोघे नवे असता यास जुनाच वृंद म्हणावे काय? इंग्लंडातील बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’चा इतिहास येथे उद्बोधक आहे. 1979 साली मूळ गायक ऑझी ऑसबोर्न यास दूर करण्यात आले. त्याच्या जागी आलेल्या रॉनी जेम्स डिओ याचा ‘हेवन अँड हेल’ हा आल्बम 1980 साली गाजला. तरीही पुढे डिओसह पुन्हा जमताना वादकांनी ‘सॅबथ’ हे नाव न घेता त्या आल्बमचेच नाव धारण केले! उलट 2013 साली ऑसबोर्नसह निघालेल्या ‘13’ या आल्बमवर जुने नाव आले. वास्तविक मूळ ड्रमवादक बिल वॉर्ड त्यात नव्हता. देऊ केलेला करार त्यास मान्य झाला नव्हता. श्रोत्यांस कंठ ओळखीचा, म्हणून वादकाचे श्रम गौण मानावे, हा न्याय नव्हे.

मात्र वाद्य दुसऱ्याच्या हाती देता येते, कंठ देता येत नाही. आणि तो वयाबरोबर बदलतो. वरचे स्वर दुष्कर होतात. म्हणून कित्येक वृंद जुनी गीते खालच्या पट्टीत गातात. जुनेच गीत गाताना साठीच्या गायकाची तुलना त्याच्याच पंचविशीतील ध्वनिमुद्रणाशी होते. नवे गीत मात्र आजच्या गळ्याला साजेल असे रचता येते. पुनर्मीलनानंतर नवा आल्बम काढण्याचे खरे प्रयोजन हेच होय. अन्यथा ते केवळ स्मृतींचा व्यापार ठरते.

‘13’ हा सॅबथचा अखेरचा आल्बम ठरला. 5 जुलै 2025 रोजी बर्मिंगहॅम येथे वृंदाने निरोपाची मैफल केली. त्या मंचावर मूळचे चौघेही होते; ड्रम वाजवीत होता बिल वॉर्ड. पुढे 22 जुलै रोजी ऑसबोर्नचे निधन झाले.